पसंतीच्या फाइली

बाबांचा जुना मॅक पुसून भाचीला द्यायचं ठरलं. फोटो, पत्रं, हिशोब सगळं उतरवून झालं होतं. पुसण्याआधी सहज टर्मिनल उघडलं आणि 'डिफॉल्ट्स रीड' ही आज्ञा दिली.

मॅकवरचे बहुतेक प्रोग्रॅम आपापल्या सेटिंग्ज 'प्लिस्ट' नावाच्या फाइलींत ठेवतात. पूर्वी त्या साध्या एक्सएमएलमध्ये असायच्या. २००५ च्या टायगरपासून त्या बायनरी झाल्या. साध्या एडिटरमध्ये उघडलं तर सुरुवातीला 'बीप्लिस्ट००' आणि पुढे नुसता कचरा! आता, बायनरी फाइल लहान असते, लवकर वाचून होते, हे मान्य. पण मग माणसाने काय करायचं? त्यासाठीच ही हत्यारं मॅकसोबत येतात.

तर, बाबांनी टायपिंगसाठी केलेल्या लघुरूपांची यादी सापडली. डिफॉल्ट्सला देवनागरी दाखवता येत नाही, तो युनिकोडचे आकडे छापतो. एका ओळीची सुरुवात होती ०९०६, ०९०८. म्हणजे 'आई'. मग 'प्लूटिल'ने एक्सएमएल करून पाहिलं. 'सां' टाइप केलं की उमटायचं, "आईला सांगू नकोस."

हसावं की रडावं कळेना. हे वाक्य मला किती मेलमध्ये आलंय! पैसे पाठवताना, डॉक्टरकडे जाऊन आल्यावर. त्याला शॉर्टकट लागावा इतक्यांदा ते लिहीत होते, हे मात्र आज कळलं.

माझं म्हणणं एवढंच, की सेटिंग्ज म्हणजे किरकोळ मामला नव्हे. माणसाच्या सवयी तिथे राहतात. जो प्रोग्रॅम त्या स्वतःच्या कुलूपबंद साच्यात ठेवतो आणि वाचायला साधन देत नाही, तो कितीही देखणा असो, माझ्या मते उद्धट आहे. सवयी आपल्या, मग किल्ली त्याच्याकडे का?

कुणाला करून बघायचं असेल तर एक सूचना. प्लूटिलला 'पी' पर्याय दिलात तर फाइल नुसती वाचली जाते. 'कन्व्हर्ट' देऊन निकाल कुठे ठेवायचा ते सांगितलं नाहीत, तर मूळ फाइलच बदलते. आधी प्रत काढा.

असो. मॅक अजून पुसलेला नाही. भाचीला थोडं थांबायला सांगितलंय. आणि हो, आईला यातलं काही सांगू नका.