राक्षसींचे बेट

धावड्याहून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र गाठावयास निदान दोनशेक मैल तुडवावे लागतील. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हे गाव मृगाच्या आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातले. असे असून, तेथून फार लांब नसलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, वाकाटक हरिषेणाच्या राजवटीत, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, चित्रकारांनी उजव्या भिंतीवर एक अख्खे बेट रंगविले. ती भिंत आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. पण लेण्यांतील अंधुक उजेडात आणि मंडळींच्या घाईत कथा निसटून जाते, म्हणून ती येथे देतो.

सिंहल नावाचा व्यापारी पाचशे सोबत्यांसह समुद्रावर निघाला. गलबत फुटले आणि मंडळी ताम्रद्वीपाच्या किनाऱ्यास लागली. तेथील सुंदर स्त्रियांनी त्यांचे आदरातिथ्य केले, घरे दिली, संसार थाटले. अमुक एका वाटेने जाऊ नका, एवढेच त्यांचे सांगणे. सिंहल नेमका त्याच वाटेने गेला! पुढे लोखंडी कोट. आत पूर्वी आलेले व्यापारी कोंडलेले. या स्त्रिया राक्षसी आहेत, हे त्यास तेथे कळले. बलाह नावाचा दिव्य अश्व सर्वांस तारावयास आला. मागे वळून मोह धरू नये, ही त्याची अट. बायकांनी कडेवरची मुले पुढे करून हाका मारल्या, आणि ज्यांचे मन ओढले गेले ते खाली कोसळले. पाली जातकात अर्धे व्यापारी वाचतात. ‘दिव्यावदान’ अधिक कठोर, तेथे एकटा सिंहल घरी पोचतो. त्याच्या मागोमाग त्याची राक्षसी मूल घेऊन आली. राजाने भुलून तिला अंतःपुरात घेतले, आणि सकाळी राजवाड्यावर गिधाडे घिरट्या घालीत होती. मग लोकांनी सिंहलास राजा केले. त्याने सैन्य नेऊन बेट जिंकले, म्हणून ते सिंहलद्वीप.

समुद्र दूर असला तरी समुद्रावरचा व्यापार या मुलखास दूर नव्हता. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई शहरात सापडलेल्या मूर्तीशी तिचे साम्य आहे. दूरच्या बेटांच्या गोष्टी मालाबरोबरच घाट चढून आल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते.

त्या बेटाची हवाही जवळजवळ दंतकथाच! चिनी यात्रेकरू फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी तेथे दोन वर्षे राहिला. तो लिहितो की, तेथे हिवाळा-उन्हाळा असा भेद नाही, झाडे सदा हिरवी, पेरणीस ठरलेला हंगाम नाही. विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे उष्णतामान फारसे पालटत नाही, हे खरेच. परंतु तो राहिला त्या अनुराधपुराचा भाग कोरडा. तेथे तळी बांधून पाणी साठवावे लागे. पूर्वी या बेटावर माणसे नव्हती, केवळ भूते आणि नाग होते, असेही तो ऐकीव लिहितो. ती भूते व्यापाऱ्यांस दिसत नसत. किंमत लावून माल मांडून ठेवीत, आणि व्यापारी मूल्य ठेवून तो उचलीत. इतका सचोटीचा बाजार मनुष्यांच्या हाटातही दुर्मिळ!

सिंहली लोकांच्या ‘महावंसा’त हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने येते. परदेशाहून आलेल्या विजयाने कुवेणी या यक्षिणीशी संसार केला. तिने स्वजनांविरुद्ध त्यास साहाय्य केले, राज्य मिळवून दिले. पुढे मदुरेची राजकन्या येणार, तेव्हा त्याने कुवेणीस दोन मुलांचा वियोग करून घालवू पाहिले. ती मुलांसह निघाली आणि आपल्याच लोकांत, द्रोही म्हणून, मारली गेली. मुले डोंगरात पळाली. पुलिंद हे त्यांचेच वंशज, असे तो ग्रंथ म्हणतो. आजच्या वेद्दा लोकांशी त्यांचे नाते पुष्कळ विद्वान जोडतात. आमच्या घरांतील मुलींना सिंहलाची गोष्ट सांगावयाची तर कुवेणीचीही सांगावी, असे आमचे मत आहे. एका कथेत बाई फसविते, दुसरीत फसते. बेट मात्र दोन्हींत येणाऱ्याच्याच पदरात पडते.

अजिंठ्याच्या भिंतीवर सिंहलाचे हत्ती-घोडे गलबतांतून येताना दिसतात. राक्षसी कोठूनही आलेल्या नाहीत. त्या तेथेच होत्या.