भोपळ्यावर नाव कुणाचं?



मुखपृष्ठावरचा वाळवलेला भोपळा डहाणू तालुक्यातल्या वारली बायकांच्या एका गटानं रंगवला आहे. एका अंगाला ताडाचं रान, दुसऱ्या अंगाला समुद्रातल्या होड्या. ‘छान आहे’ म्हणून पान उलटण्याआधी थोडं थांबावं, म्हणून हे लिहिते आहे.

वेल छपरावर चढवायचा, फळ वेलावरच वाळू द्यायचं, आत बिया खुळखुळल्या की कापून पोकळ करायचं, साल खरवडायची. मी पाहिलेल्या घरांत हे काम बाईचंच. पूर्वी त्याचा पाण्याचा तुंबा व्हायचा. त्याच भोपळ्याला बांबू, ताडाचं पान, मेण जोडलं की तारपा होतो. तो मात्र पुरुष वाजवतात. चित्राचं तर उलटंच झालं. लग्नाचा चौक लिहायचा मान सवासिनींचा, लग्न लावणारी धवलेरीही बाईच. १९७०च्या दशकात चित्र भिंतीवरून कागदावर आलं, त्याला भाव आला, आणि नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण मान्यच! पण चौक लिहिणाऱ्या किती आज्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

गटाच्या बैठकीत दराचा विषय निघाला. व्यापारी नगावर पैसे देतो, तेही फक्त रंगकामाचे. वेलाला घातलेलं पाणी, वाळवणीचे महिने, खरवडताना सोललेली बोटं हिशोबात नाहीतच. मी म्हटलं, निदान खाली सही तरी करा. एक मावशी हसल्या, “बाई, जमिनीच्या कागदावर नाव नाय, भोपळ्यावर कशाला?”

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. बैठकीला आलेल्या बऱ्याच जणींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. (आम्ही कार्यकर्त्याही कलेच्या कौतुकात कायदा घरी ठेवून जातो.) आणि भोपळ्यावरचा तो समुद्र? त्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. मच्छीमारांचा विरोध नव्वदच्या दशकापासूनचा. किनारा विकासाचा म्हणणाऱ्यांनी मासळी विकणाऱ्या बाईला तिचा हिशोब विचारला का?

गटानं आता दोन गोष्टी ठरवल्या आहेत. दर मागताना वेल लावल्यापासूनचे दिवस मोजायचे, आणि पट्ट्याचे कागद पुढच्या बैठकीला घेऊन यायचे. तुमच्या गटात असा हिशोब मांडला असेल तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू. आणि हो, मुखपृष्ठावरच्या भोपळ्याच्या बुडाशी आता सह्या आहेत. तिघींच्या. फोटो काढल्यावर केल्या, म्हणून त्या तुम्हाला दिसणार नाहीत.