पोपने माफ केले, तरी गुइदो नरकात का?

‘कर्माचे फळ ही काही एकट्या हिंदूंची कल्पना नाही, युरोपचा महाकवी दान्तेसुद्धा तेच सांगतो,’ असा युक्तिवाद आम्हाला अधूनमधून ऐकवला जातो. ऐकवणाऱ्यांनी दान्ते वाचलेला असतोच असे नाही. वाचला तर त्यांचीच पंचाईत होईल. म्हणून आम्हीच तो वाचायचे ठरवले.

दान्ते हा इटलीतील फ्लॉरेन्सचा. 1302 साली राजकीय विरोधकांनी त्याला हद्दपार केले आणि 1321 मध्ये रावेन्ना येथे मरेपर्यंत तो आपल्या शहरात परतू शकला नाही. ‘दिव्हिना कोमेडिया’ हे शंभर सर्गांचे काव्य या हद्दपारीतले आहे. 1300 साली ईस्टरच्या दिवसांत कवी स्वतः नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग यांची यात्रा करतो, अशी त्यातली कल्पना. तिथे त्याला मेलेली माणसे नावानिशी भेटतात आणि त्यांतली कितीतरी जण आपण काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगतात.

पहिला फरक इथेच आहे. दान्तेच्या नरकात ज्याला शिक्षा होते त्याला आपला गुन्हा ठाऊक असतो. कर्मविपाकाच्या न्यायालयात आरोपीला गुन्हा कोणता हेच माहीत नसते. वाईट आचरणाचे लोक कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत जन्माला येतात, असे छांदोग्य उपनिषद सांगते. म्हणजे चांडाळाच्या घरी जन्मलेल्या पोराने काय केले, हे विचारण्याची गरजच उरत नाही. जन्म हाच आरोप, जन्म हाच पुरावा आणि जन्म हीच शिक्षा! याला नैतिक जबाबदारी म्हणायचे असेल तर बेजबाबदारपणा कशाला म्हणायचे?

शुद्धिलोकात दान्तेला मार्को लोम्बार्दो नावाचा एक जण भेटतो. जग इतके का बिघडले, दोष ग्रहताऱ्यांचा की माणसाचा, असे दान्ते त्याला विचारतो. मार्को सुनावतो की सगळे आकाशातून ठरत असते तर चांगल्याला सुख आणि वाईटाला दुःख देण्यात न्यायच राहिला नसता. माणसाला बुद्धी आहे, निवड करण्याची मोकळीक आहे. जग बिघडले असेल तर कारण माणसातच शोधा. आणि तो तिथेच थांबत नाही. राजदंड आणि धर्मदंड एकाच हातात गेल्यामुळे राज्यकारभार नासला, असे तो थेट रोमच्या चर्चवर बोट ठेवून सांगतो. चौदाव्या शतकातला एक श्रद्धाळू ख्रिस्ती कवी हे लिहितो, आणि एकविसाव्या शतकातले आमचे पदवीधर साडेसातीच्या नावाने शनीला तेल वाहतात!

आता गुइदो द मोन्तेफेल्त्रोची गोष्ट. हा धूर्त सेनानी म्हातारपणी फ्रान्सिस्कन साधू झाला. पोप आठव्या बोनिफेसला शत्रूंचा पालेस्त्रीना हा किल्ला घ्यायचा होता. त्याने गुइदोकडे मसलत मागितली आणि वर सांगितले, ‘घाबरू नकोस, या पापाची माफी तुला आताच देऊन टाकतो.’ गुइदोने सल्ला दिला, वचन भरघोस द्या आणि पाळू मात्र नका. मेल्यावर त्याला न्यायला संत फ्रान्सिस आला. पण सैतानाच्या दूताने त्याला अडवले. त्याचा तर्क बिनतोड होता. पश्चात्ताप केल्याशिवाय माफी नाही. आणि जे पाप करायचे मनात आहे त्याचाच पश्चात्ताप त्याच वेळी होऊ शकत नाही. अंगावर साधूची वस्त्रे, पदरी साक्षात पोपची माफी, तरी गुइदो आगीत. त्याचा मुलगा बुओन्कोन्ते मात्र रणांगणावर मरताना खऱ्या पश्चात्तापाच्या एका अश्रूवर वाचतो. बापाचे पाप त्याच्या डोक्यावर येत नाही.

शुद्धिलोकातील आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांचा उपयोग होतो, हे दान्तेही मानतो. पण नरकातल्या गुन्हेगाराला कोणाचाही विधी सोडवू शकत नाही. आमच्याकडे वैतरणी पार करायला ब्राह्मणाला गाय दान द्यायची सोय गरुडपुराणाने करून ठेवली आहे. गाय देणाऱ्याने हयातीत किती कुळे नागवली, हा प्रश्न वैतरणीच्या काठी कोणी विचारत नाही.

मग दान्तेला डोक्यावर घ्यायचे काय? मुळीच नाही. चिकित्सा करायची तर त्याचीही करू. त्याला नरकातून वाट दाखवणारा व्हर्जिल ख्रिस्तापूर्वी जन्मला, एवढ्याच कारणाने त्याला स्वर्ग बंद आहे. काव्याच्या शेवटच्या भागात तर भारताचा उल्लेख येतो. सिंधूच्या काठी एक माणूस जन्मतो. तिथे ख्रिस्ताचे नाव सांगणारा कोणी नाही. त्याचे आचरण निर्दोष आहे. तो बाप्तिस्म्याविना मरतो. त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कसला? प्रश्न दान्तेचाच आहे आणि तो विचारल्याबद्दल आम्ही त्याला मानतो. पण उत्तर काय मिळते? न्यायनिवाडा करणारा तू कोण? ख्रिस्ताचे नाव घेणारे कित्येक जण शेवटी त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षाही दूर फेकले जातील, अशी पुस्ती पुढे जोडलेली आहे खरी. तरी मूळ प्रश्नाचे तोंड बंद केले जाते. हे उत्तर आम्हाला चांगले ओळखीचे आहे. मंदिराच्या पायरीवर, पाणवठ्यावर आमच्या बापजाद्यांनी हेच ऐकले.

बाबासाहेबांनी हे तोंड उघडले. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या 1936 च्या ग्रंथात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम निमूटपणे पाळायचे असतात. तत्त्व वापरताना माणसाला विचार करावा लागतो, म्हणून जबाबदारीही घ्यावी लागते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी गतजन्माच्या कर्माचा सिद्धांत नाकारला, कारण गरिबांच्या आणि दीनांच्या अवस्थेची जबाबदारी झटकायला तो राज्याला आणि समाजाला मोकळीक देतो. धम्मात नीतीला ईश्वराचा आधार लागत नाही, नरकाची धमकी लागत नाही. माणसाने माणसाशी नीट वागायचे, ते माणसासाठी.

शेवटी आमच्याच कार्यकर्त्यांना एक सांगणे. ‘नरकातील सर्वांत भयंकर जागा तटस्थांसाठी राखून ठेवली आहे’ हे वाक्य दान्तेच्या नावावर आपण फिरवतो. केनेडींनीही ते त्याच्याच नावावर वापरले. दान्तेने तसे लिहिलेले नाही. त्याच्या नरकाच्या तळाशी, बर्फात, विश्वासघातकी आहेत. तटस्थ आहेत नरकाच्या दाराशी, नदीच्या अलीकडे. स्वर्ग त्यांना घेत नाही आणि नरकही आत घेत नाही. गांधीलमाश्या डसत असताना ते एका निशाणामागे धावत राहतात. दान्ते त्यांतल्या एकाचेही नाव लिहीत नाही. व्हर्जिल म्हणतो, यांच्याविषयी बोलू नकोस. बघ आणि पुढे चल.

आम्हाला असे पुढे चालता येत नाही. वस्तीवर बहिष्कार पडतो, दुकानदार पीठ देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, तेव्हा बहिष्कार पुकारणारे मोजकेच असतात. तो चालवतात ते ‘आपण कशाला मध्ये पडायचे’ म्हणणारे. मेल्यावर त्यांना गांधीलमाश्या चावतील की नाही, याच्याशी आम्हाला देणेघेणे नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 सालापासून आहे. खटला उभा राहतो तेव्हा त्याला साक्षीदार लागतो. ज्यांनी पाहिले त्यांनी न्यायालयात येऊन पाहिलेले सांगावे, एवढीच आमची मागणी आहे.

जय भीम!