काय नाही, तेही लिहा

श्रावणात मोहर्लीला गेले की वाघ दिसत नाही, पण माणसे निवांत भेटतात. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो, जिप्सी अंगणात झाकून ठेवलेल्या असतात. अशाच एका दुपारी पुतण्या मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. पोरगा चंद्रपूरला इंजिनीअरिंग शिकतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे सरसर वर सरकत होती. "काका, हा रास्पबेरी पाय सुरू होतोय," तो म्हणाला. मी टेबलावर पाहिले, टेबलाखाली पाहिले. बोर्ड कुठेच नव्हता.

"नाहीच आहे तो इथं. हा त्याचा बहुरूपी समजा."

लहानपणी दारात फौजदाराच्या वेषात बहुरूपी यायचा आणि घाबरून आजी त्याला आधी पाणी द्यायची, ते मला आठवले. रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढ्या एकाच पट्टीवर मांडलेला अख्खा संगणक. पहिला 2012 मध्ये बाजारात आला. त्याचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव क्यूएमू. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच माणसाने तो 2003 मध्ये सुरू केला. त्याची संहिता सर्वांना खुली आहे आणि जगभरची मंडळी ती सांभाळतात. बोर्डासाठी लिहिलेली प्रत्येक आज्ञा हा बहुरूपी लॅपटॉपला कळेल अशी करून सांगतो. एखाद्या उपकरणाचे दार वाजले की आतून तोच 'ओ' देतो. आपण खऱ्या बोर्डावर नाही, याचा वर चालणाऱ्या प्रोग्रॅमला सहसा पत्ताही लागत नाही. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रोसेसरचा एक बोर्डही 2021 पासून याच्या सोंगांत आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊकच आहे. असो.

मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. पुतण्याने या बोर्डाच्या माहितीचे पान उघडून दाखवले. त्यावर दोन याद्या होत्या. पहिली, कोणकोणती उपकरणे वठवली आहेत त्यांची. दुसरी, कोणती नाहीत त्यांची. चौथ्या पिढीचा बोर्ड 2024 मध्ये दाखल झाला, तेव्हा त्याच्या 'नाही'च्या यादीत नेटवर्कची तार जोडण्याचा इथरनेट नियंत्रकही होता. इतकी मोठी उणीव, आणि ती स्वतःच लिहून ठेवलेली!

माझी नोकरी लेजरमध्ये गेली. 1984 च्या रंगराजन समितीनंतर शाखांमध्ये यंत्रे येऊ लागली. आमच्याकडे आले त्यासोबत एक गुळगुळीत पुस्तिका होती. यंत्र काय काय करते, हे तिच्यात पानोपानी होते. तेव्हा बचत खात्याचे व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. 1992 च्या फेब्रुवारीत यंत्राने महिना 28 लाच संपवला. 29 तारखेला, शनिवारी, ज्यांनी पैसे काढले त्यांना व्याज जास्त लागले. रक्कम किरकोळ होती, पण चूक सापडली ती शेजारी हाताने लिहिलेले लेजर चालू होते म्हणून. सहा महिने दोन्ही हिशेब समांतर ठेवायचे आणि रोज संध्याकाळी टॅली करायची, याचा आम्हा कारकुनांना भयंकर कंटाळा होता. त्या कंटाळ्याचे मोल मला त्या दिवशी कळले.

क्यूएमूतही तेच कंटाळवाणे काम चालते, फक्त ते यंत्राकडूनच करून घेतात. चाचणीसाठी आणलेल्या फाइलचा ठसा आधी ताडून पाहतात. आम्ही चेकवरची सही नमुना-कार्डाशी ताडायचो तसा. मग सोंगातल्या बोर्डावर लिनक्स सुरू करतात आणि अपेक्षित ओळ पडद्यावर येईपर्यंत थांबतात. नंतर त्यालाच विचारतात, तुझा प्रोसेसर कोणता? उत्तरात बोर्डाच्या चिपचे नाव आले नाही, तर चाचणी नापास. कुणी कोपऱ्यात चार ओळी बदलल्या तरी ही उजळणी पुन्हा व्हायची.

तरीही चाचणीत पास झालेले सोंग हे सोंगच. या बोर्डावर तापमान मोजणारे उपकरण आहे आणि बहुरूपीही ते वठवतो. पण त्याला केव्हाही विचारा, उत्तर 25 अंश. संहितेतच तसे लिहून ठेवले आहे. चंद्रपूरचा मे महिना पाहिलेल्याला यावर हसू येईल. पण इथे खांबावर लावलेल्या पेटीत पंचेचाळीस अंशांवर बोर्ड तापून मंदावला, तर त्याची वार्ता हे सोंग कधीच देणार नाही.

हा चेष्टेचा विषय नाही. मोहर्लीशेजारच्या सीतारामपेठेत वनविभागाने 2023 मध्ये 'आभासी भिंत' उभारली. गावाच्या कडेला कॅमेरे. त्यांत वाघ दिसला की गावाला इशारा. तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघणाऱ्या बाईला बोर्ड, चिप, सोंग यांच्याशी देणेघेणे नाही. इशारा आला नाही म्हणजे वाघ नाही, एवढाच अर्थ ती काढणार. म्हणून जंगलाकाठी अशी यंत्रे विकत घेताना शासनाने ती काय करतात याच्याबरोबरच ती काय करत नाहीत याचीही यादी, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला मागावी. धुक्यात काय, पावसात काय, वीज नसताना काय. शिवाय चाचणी रोजची असावी आणि तिचा निकाल गावाला वाचता यावा. उद्घाटनाच्या दिवशीची चाचणी मी जमेस धरत नाही. उद्घाटनाला सगळेच चालते.

पुतण्या गावातल्या दोन पोरांना हे सारे शिकवतो आहे. बोर्ड विकत घ्यायला पैसे नाहीत, सोंगाला ते लागत नाहीत. त्याने शंभर पानी वहीत मराठीत टिपणे काढली आहेत. मी जुन्या सवयीने लाल पेन घेऊन बसलो. 'तापमान : नेहमी 25 दाखवते, खरे मानू नये' ही ओळ होती. लिहिताना मध्येच वीज गेली तर कार्डावरच्या मजकुराचे काय होते, ते कुठेच नव्हते. मी समासात खूण केली. तेवढ्यात खरोखरच वीज गेली आणि तो बॅटरीवर चालू असलेल्या लॅपटॉपच्या उजेडात 'नाही'च्या यादीत नवी ओळ लिहू लागला.