पाटी शहरात, झळ गावात

निकाल लागले की सिल्लोड, कन्नड, पैठणच्या एस.टी.तून पेट्या-वळकट्या घेऊन पोरं छत्रपती संभाजीनगरात उतरतात. कित्येकांच्या घरातलं कॉलेजात जाणारं ते पहिलंच माणूस. गावात जात सांगावी लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असते. शहरात ती मागे सुटेल, या आशेने पोर येतं. इथेही आधी आडनाव विचारतात, मग ‘कोणत्या कोट्यातून?’

या दुखण्याची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. पाटी शहरात लागायची होती, घरे मात्र गावात जळाली.

पाटी बदलली. वागणुकीचे काय? २०१९ मध्ये जळगावच्या आदिवासी कुटुंबातील डॉ. पायल तडवी यांनी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेताना आत्महत्या केली. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. त्यांची आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी एकच : नियम कागदावर नको, अंमलात हवा.

नियम तर २०१२ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले, तक्रारीचा निर्णय ६० दिवसांत द्यायला सांगितले. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम काढले. त्यांत इतर मागासवर्गीयही आले. खुल्या प्रवर्गातून ‘आम्हाला संरक्षण का नाही?’ म्हणून विरोध झाला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देऊन २०१२ चेच नियम चालू ठेवले.

नव्या नियमांचा वाद न्यायालयात गेला म्हणून जुन्यांची जबाबदारी संपत नाही. पण ती कॉलेजला आठवण करून देणार कोण? शेतातली कामं टाकून पोराला पोचवायला आलेला बाप फीची पावती नीट घडी घालून खिशात ठेवतो. त्याच पावतीच्या पाठीवर त्या अधिकाऱ्याचे नाव लिहून घ्या. नाव सांगता आले नाही, तर अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं विचारायला पैसा लागत नाही.