कुत्रा ऐकतोय, तुम्हीच उशिरा सांगताय

थेट मुद्द्यावर येतो. अ‍ॅजिलिटीच्या कोर्सवर कुत्रा चुकीच्या जंपवरून उडाला, चुकीच्या टनेलमध्ये घुसला किंवा मध्येच थांबून गोल गोल फिरून भुंकायला लागला, तर बहुतेक वेळा चूक कुत्र्याची नसते. त्याच्यासोबत पळणाऱ्या दोन पायांच्या प्राण्याची असते. आणि हा दोन पायांचा प्राणी मैदानातून बाहेर येताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "आज हा ऐकतच नाहीये!"

इथे इंग्लंडात शनिवारी सकाळी क्लबच्या चिखलात उभं राहून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता डोक्यात जातं. म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही वाचा, पुढे ऑफिसचा विषय येणार आहे :)

आधी ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये दोन मुख्य कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायला काहीतरी हवं होतं, म्हणून घोड्यांच्या शो जंपिंगवरून हा प्रकार बसवला. लोकांना तो इतका आवडला की १९८० मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याला अधिकृत मान्यता दिली, आणि १९९६ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. जंप, टनेल, उतरत्या फळ्यांचा ए-फ्रेम, उंच डॉगवॉक, सी-सॉ, आणि १२ दांड्यांमधून नागमोडी जायचे वीव्ह पोल. क्रम जज ठरवतो आणि तो प्रत्येक वेळी नवा असतो. हँडलरला काही मिनिटं कोर्सवर फिरून तो पाठ करता येतो. कुत्र्याला मात्र तो आधी दाखवत नाहीत. पट्टा नाही, हात लावायचा नाही, खाऊ नाही, बॉल नाही.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. म्हणजे कुत्र्याला पुढचा अडथळा कोणता हे कळायचा एकच मार्ग उरतो : तुम्ही. तुमचं शरीर आणि तुमचा आवाज. मग माहिती चुकीची गेली किंवा उशिरा गेली, तर जबाबदार कोण? ज्याला नकाशाच दाखवला नाही तो?

आता जरा गणित करू. चांगला मोठा कुत्रा कोर्सवर सेकंदाला साधारण ५ मीटर पळतो. दोन जंपमध्ये ५ ते ७ मीटर अंतर असतं. म्हणजे एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम सव्वा सेकंद. माणसाला डोळ्यांनी पाहून प्रतिक्रिया द्यायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो. वर तोंडातून शब्द बाहेर पडायला आणखी तेवढाच वेळ धरा. म्हणजे कुत्रा उडाला, ते तुम्ही पाहिलं, मग ठरवलं, मग ओरडलात, की अर्धा सेकंद गेला. कुत्रा अडीच मीटर पुढे! आणि अजून त्याने ऐकून, समजून, पाय वळवायचेत.

यातली खरी गोम पुढे आहे. कुत्रा वळायची तयारी जंपनंतर करत नाही, उडी मारायच्या आधी करतो. पावलं आखूड करतो, वजन मागच्या पायांवर घेतो, अंग गोळा करतो आणि मग वळणाच्या दिशेनेच उडतो. एकदा पाय सुटले की तो कुठे पडणार हे ठरलेलं असतं. हवेतल्या कुत्र्याला स्टिअरिंग नसतं. त्यामुळे "वळ" हा निरोप त्याला एक-दोन पावलं आधी मिळायला हवा, म्हणजे तो समोरच्या जंपला नक्की जाणार असं दिसल्याबरोबर. त्याच्याही आधी सांगितलंत तर तो ती जंप सोडूनच तुमच्याकडे येईल, आणि त्याचे ५ फॉल्ट. म्हणजे खिडकी लहान आहे, मान्य. पण ती उघडायची आणि बंद व्हायची वेळ ठरलेली आहे आणि ती शिकता येते. "आज त्याचा मूड नाही" हे तिचं उत्तर नव्हे.

क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं. स्ट्रायकरने "यस!" म्हणून बोलावलं, नॉन-स्ट्रायकर अर्ध्या पिचपर्यंत आला, आणि मग स्ट्रायकर ओरडला "नो नो नो!" रनआउट कोण झाला ते स्कोअरबोर्ड सांगतो. चूक कोणाची होती ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग कुत्र्याच्या बाबतीत आपली अक्कल कुठे जाते?

दुसरा मुद्दा, काय सांगता याचा. लोकांना वाटतं कुत्रा शब्द ऐकतो. आपल्याकडे तर घरात सगळे मराठी बोलतात आणि कुत्र्याशी मात्र "मोती, सिट! मोती, कम हियर!" जणू मोती कॉन्व्हेंटमध्ये शिकलाय. कुत्रा शब्द शिकतो, नाही असं नाही. पण त्याआधी तो शरीर वाचतो. २०१६ साली इटलीतल्या संशोधकांनी शिकवलेल्या कुत्र्यांना मुद्दाम उलटसुलट सूचना दिल्या, हात एक सांगतोय आणि तोंड दुसरंच. बहुतेक कुत्रे हाताचं ऐकत होते. त्याच्याही खूप आधी, १९०७ मध्ये, बर्लिनच्या 'हुशार हान्स' या घोड्याचं रहस्य असंच उलगडलं. तो खुराने टापा मारून गणितं सोडवायचा. प्रत्यक्षात तो प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगातला बारीकसा बदल पाहून थांबायचा. आपण असा काही इशारा देतोय हे त्या माणसांच्या गावीही नव्हतं. आपणही दिवसभर असे इशारे देत असतो, आणि कुत्रा त्यातला प्रत्येक वाचत असतो.

फिनलंडच्या वनमाइंड डॉग्ज या पद्धतीची सुरुवात कशी झाली ठाऊक आहे? तिथल्या एका हँडलरची टेक्ला नावाची बॉर्डर कोली बहिरी झाली. आता ओरडून उपयोग नाही! तेव्हा तिच्यासोबत पळताना कुत्र्याला नेमकं काय काय दिसतं याचा त्यांनी पद्धतशीर विचार केला. तुमची हालचाल, तुमची जागा, नजर, छातीची दिशा, पाय, हात, आणि या यादीत आवाज सगळ्यात शेवटी. शाळेत खो-खो खेळलेल्यांनी आठवून बघा, धावणारा कुठल्या बाजूला जाणार हे त्याच्या खांद्यांवरून ठरतं. तोंडाने तो काहीही म्हणो.

आता नेहमीचं दृश्य बघा. हँडलरचा हात टनेलकडे. खांदे जंपकडे. पाय तिसरीकडेच पळतायत, कारण बाईंना किंवा बुवांना पुढचा फ्रंट क्रॉस गाठायचाय. आणि तोंडाने काय, तर "रॉकी! रॉकी! रॉकीऽऽऽ!" अहो, नाव म्हणजे दिशा नव्हे. नावाचा अर्थ फार तर "माझ्याकडे बघ". बिचारा बघतो, आणि बघितल्यामुळे समोरची जंप चुकते. मग त्याच्या नावाने शिमगा!

क्रॉस घेताना तर वेळेचं भान पूर्ण सुटतं. फ्रंट क्रॉस म्हणजे कुत्र्याच्या पुढे जाऊन, त्याच्याकडे तोंड करून वळत बाजू बदलणं. कुत्रा उडायच्या आत तुमचं वळण त्याला दिसलं पाहिजे आणि तो खाली येईस्तोवर तुम्ही पुढच्या दिशेने निघालेले असलं पाहिजे. लोक तेव्हा अजून गिरकीच घेत असतात, म्हणजे कुत्र्याच्या उतरायच्या जागेवर अख्खा माणूस उभा. रिअर क्रॉस म्हणजे त्याच्या मागून बाजू बदलणं. तिथे दाब उडीच्या आधी दिसला नाही तर कुत्रा उलट्या बाजूला वळून उतरतो. ब्लाइंड क्रॉसमध्ये त्याच्याकडे पाठ करून पुढून बाजू बदलायची. एकेकाळी बरेच प्रशिक्षक तो वर्ज्य मानायचे, आज वरच्या स्पर्धांत सर्रास दिसतो. कुठला क्रॉस चांगला यावर लोक तासभर वाद घालतील. पण उशिरा घेतलेला कुठलाही क्रॉस वाईटच, यावर कोणी बोलत नाही.

"एवढं काय त्यात, मजेसाठी तर करतो आपण," असं म्हणणारे भेटतात. मजा तुमची. अंग कुत्र्याचं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २७ देशांतल्या ३,८०१ अ‍ॅजिलिटी कुत्र्यांची माहिती त्यांच्या हँडलर्सनी दिली होती. त्यातल्या सुमारे ३२ टक्के कुत्र्यांना कधी ना कधी या खेळात दुखापत झालेली होती. खांदा आणि पाठ ही त्यातली ठळक ठिकाणं, आणि जंपच्या दांडीला थडकणं किंवा आपटणं हे ठळक कारणांपैकी एक. प्रत्येक दुखापत उशिरा सांगितल्याने होते असं मी म्हणत नाही. पण हवेत असताना "इकडे!" ऐकून अंग पिळणारा, तिरका उतरणारा, घसरणारा कुत्रा एकदा नीट बघा, मग मला मजा सांगा. आणि दुखापत शरीराचीच होते असं नाही. सतत चुकीची माहिती मिळणारा कुत्रा हळू होतो. जमीन हुंगत बसतो, अडथळ्यासमोर थबकतो. लोक त्याला हट्टी म्हणतात. तो हट्टी नसतो. काहीही केलं तरी चूकच ठरतं, हे तो शिकलेला असतो. त्यावर कडी म्हणजे चूक झाली की शिक्षा म्हणून कुत्र्याला कॉलरला धरून मैदानाबाहेर काढणारे महाभाग! ज्याने तंतोतंत सांगितलेलं केलं त्यालाच हाकललं. वा!

एक आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. आजचे कोर्स मोठे आणि वेगवान झालेत, माणूस कुत्र्याच्या पुढे राहूच शकत नाही, म्हणून डावं-उजवं, टनेल, आखूड वळण यांचे शब्दच लागतात. बरोबर आहे. वरच्या पातळीवरचे हँडलर आज भरपूर शब्द वापरतात आणि त्यांचे कुत्रे त्यावर अचूक वळतात. पण त्यांनी तो प्रत्येक शब्द वेगळा बसवून शिकवलेला असतो, शरीर गप्प ठेवून, शेकडो वेळा. आणि तोही ते उडीच्या आधीच उच्चारतात. त्यांच्याकडे बघून फक्त ओरडणं उचलायचं आणि मेहनत सोडून द्यायची, याला आळस म्हणतात. शब्द आला म्हणून वेळेतून सुटका होत नाही.

मग करायचं काय? तुमच्या खिशात उपाय आहे. मोबाइल स्टँडवर लावा आणि प्रत्येक पळ रेकॉर्ड करा. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेममध्ये कुत्रा साधारण १७ सेंटिमीटर सरकतो. कुत्र्याचे पाय जमीन सोडतात ती फ्रेम शोधा. तुमचे खांदे वळायला सुरुवात होते ती फ्रेम शोधा. मधल्या फ्रेम मोजा. दहा फ्रेम उशीर म्हणजे पावणेदोन मीटर, आणि ते व्हिडिओत दिसतं, त्यावर वाद घालता येत नाही. मग एकच जंप घ्या. पाच वेळा सरळ पुढे, पाच वेळा दांडीला लगटून मागे, दोन्हीतला फरक फक्त तुमच्या वेगाने आणि खांद्यांनी सांगा. कोर्स पाठ करताना कुत्र्याशिवाय पूर्ण वेगाने पळा, कारण चालताना सगळेच वेळेवर असतात. "इथे क्रॉस घेणार" एवढं ठरवून भागत नाही, "कुत्रा कुठे असताना सुरू करणार" हे ठरवा. आणि मध्ये काही फिसकटलं तर थांबू नका, पळत राहा, शेवटी खाऊ द्या. त्याने तुम्ही सांगितलेलं केलंय, मजुरी त्याला मिळालीच पाहिजे.

आता कबूल केलेला ऑफिसचा विषय. आयटीतला प्रत्येक जण एका गोष्टीवर एकमताने चिडतो. रिलीजच्या आदल्या रात्री बदललेली रिक्वायरमेंट येते, मेलमध्ये एक लिहिलेलं, कॉलवर दुसरंच सांगितलेलं, आणि सोमवारी मीटिंगमध्ये "टीमने नीट लक्ष दिलं नाही". त्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये चहावर मनसोक्त शिव्या घालतो. निदान आपल्याला चहा आहे, शिव्या आहेत, दुसरी नोकरी शोधायची सोय आहे. कुत्र्याला यातलं काहीच नाही. तो पुढच्या शनिवारी शेपूट हलवत परत गाडीत चढतो, त्याच मॅनेजरबरोबर.

तेव्हा पुढच्या वेळी "ऐकत नाही" हे शब्द तोंडात आले की ते तिथेच अडवा, मोबाइल काढा आणि आधी फ्रेम मोजा. तोवर त्याला पाणी पाजा.