निवांत बोटीची गोष्ट

ताहिटीच्या पापिएते बंदरातून निघणारी ‘अरानुई ५’ ही अर्धी मालबोट, अर्धी प्रवासी. दूरच्या मार्केसास बेटांवर सिमेंटपासून किराण्यापर्यंत सगळं उतरवायचं, सुकं खोबरं भरून घ्यायचं. तोवर पर्यटकांनी गाव हिंडून यायचं. चकचकीत क्रूझपेक्षा आम्हाला हीच तऱ्हा भावते, कारण ती ओळखीची आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटी अशाच जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत जायच्या. बोट खोल पाण्यात उभी. ट्रंका, बोचकी, पोरंबाळं पडावातून किनाऱ्याला. त्यात निम्म्यांना बोट लागलेली! ती सेवा गेली. २०१८मध्ये मुंबई-गोवा क्रूझ ‘आंग्रिया’ आली, तीही फार टिकली नाही.

अशा निवांत फेरीसाठी नवी मुंबईकरांना तूर्त ऐरोलीजवळची ठाणे खाडी आहे. वन विभागाच्या केंद्रातून फ्लेमिंगो पाहायला नाव सुटते, तीही भरती-ओहोटीचं गणित बघून. ऑफिसच्या घड्याळाला तिथे कोण विचारतो? २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या या खाडीत चोच उलटी करून चिखल गाळत बसलेला गुलाबी थवा दिसतो. नेरूळच्या पाणथळींवर इमारती उठवायची घाई झालेल्यांना एकदा या नावेत बसवायला हवं. तिकिटं आम्ही काढू.